खालचं बटण

१

दुकानातून काहीही चोरीला गेलं नव्हतं. कुलूप शाबूत होतं, खिडक्या आतून बंद होत्या, कापडाचे तागे फळीवर जसेच्या तसे होते. तरीही मालक डोक्याला हात लावून बसला होता, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना निरोप गेला होता, "असाल तशा खाली या."

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. मालकही त्यांच्याच हाताखालून गेलेला. वर्गात एका जागी टिकत नसे म्हणून त्यांनी त्याला भोवरा म्हणायला सुरुवात केली. आता डोक्यावरचे केस गेले, पोट सुटलं, पण ते नाव काही गेलं नाही. एकदा वर्गातला पृथ्वीगोल फुटला होता. तेव्हा बाईंनी कोणालाही छडी न लावता, नुसते साधे साधे प्रश्न विचारत फोडणारा शोधून काढला होता. तो फोडणारा भोवराच होता. म्हणून तर त्याचा बाईंवर इतका विश्वास.

"कोणी हात लावलाय का याला?" बाईंनी आल्या आल्या विचारलं.

"छे! मी दार उघडून बघितलं आणि तिथल्या तिथे थिजलो."

खिडकीपाशी हँगरवर गडद निळा सूट टांगलेला होता. कोटाची दोन्ही बटणं नीट लावलेली, पँट खाली सरळ सुटलेली, कुठे सुरकुती नाही.

"छान आहे की रे."

"तेच तर! छान आहे!" भोवरा जवळजवळ रडकुंडीला आला. "बाई, काल संध्याकाळी हा असा नव्हता. गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, छातीवरच्या पट्टीचा काज लाल धाग्याचा हवा, बाह्यांवरचे काजही लाल. बटणं सोनेरी, चमकणारी. पँट घोट्याच्या वर. तसंच सगळं केलं होतं आम्ही. आणि आज सकाळी बघतो तर लाल धागा गायब, काज निळे. बटणं काळपट. पँट लांब झालेली. रात्रीतून कोणीतरी माझ्या दुकानात येऊन माझाच सूट बदलून गेलं!"

"आणि सोनेरी बटणं?"

"कागदाच्या पुडीत बांधून आतल्या खिशात ठेवलीत. एकूण एक."

बाईंनी कोट उघडून बघितला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. आतलं अस्तर केशरी होतं आणि त्यावर हिरवे पोपट उडत होते.

"हेही गिऱ्हाइकाचंच?"

"हो. पोपट मात्र जागच्या जागी आहेत."

बाई पोपटांकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "हं. आणि एवढी घाई कसली?"

"मुलाखत आहे हो त्याची उद्या. हिशेब तपासणाऱ्या त्या जुन्या कंपनीत. दुपारी तो सूट घालून बघायला येणार. हे बघून आकाशपाताळ एक करील." भोवऱ्याने आवाज खाली आणला. "दुकानाची किल्ली दोघांकडेच असते. एक माझ्याकडे, एक इस्त्रीकाकांकडे. इस्त्री तापवायला तेच पहाटे येतात. मी विचारलं, तर तोंड उघडायला तयार नाहीत."

त्याने टेबलाकडे बोट दाखवलं. कात्री आणि टेपच्या मधोमध एक किल्ली पडली होती.

"मी म्हटलं, दुपारपर्यंत सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. तर त्यांनी काही न बोलता किल्लीच काढून ठेवली."

२

बाईंची एक सवय होती. वर्गात गोंधळ झाला की त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारायच्या. उत्तर बरोबर की चूक याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. कोण कसं उत्तर देतं, ते त्या बघायच्या.

"ती कंपनी कसा पोशाख मागते?" त्यांनी भोवऱ्याला विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणालं होतं, साधा आणि रूढ पद्धतीचा."

"मग साधा म्हणजे काय, ते मला सगळ्यांकडून ऐकायचंय. मास्तरांना बोलव."

कटिंगमास्तर गळ्यात टेप घेऊनच आले. चेहरा आधीच फुगलेला.

"माझ्यावरच संशय असणार, ठाऊक आहे मला. भांडलो होतो ना मी त्या पोराशी! लाल काज म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, नोकरी मागायला चाललायस की जादूचे प्रयोग करायला?"

"मास्तर, साधा सूट म्हणजे कसा?"

मास्तर एकदम शांत झाले. आवडता धडा विचारल्यावर मुलं होतात तसे. "ज्यात माणूस लक्षात राहतो आणि सूट राहत नाही, तो. रंग गडद निळा नाहीतर राखाडी. बटणं कापडाच्या रंगाला धरून. पँट बुटावर जेमतेम टेकलेली. बस्स."

"म्हणजे आता आहे तसाच."

"हो, पण मी केलेला नाही! मी हात घातला असता ना, तर सगळ्यात आधी ते पोपट उडवून लावले असते. अस्तर बघून डोळे दुखतात माझे." मग ते जरा घुटमळले. "एक मात्र कबूल करतो. त्याने पँट आखूड मागितली, तेव्हा जादा कापड मी कापलं नव्हतं. आत दुमडून ठेवलं होतं. म्हटलं, अक्कल यायला उशीर झाला तरी कापड तयार असावं."

"म्हणून पँट लांब करता आली."

"हो. पण ती दुमड मी आणि काजवाल्या ताईंनीच बघितली होती."

मास्तर गेले आणि काजवाल्या ताई आल्या. बोटाला सुई टोचू नये म्हणून अंगुस्ताना, केसात सुई खोचलेली. आल्या त्या तडतडतच.

"माझा भाऊही त्याच मुलाखतीला जाणार आहे, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल. पण बाई, जरा विचार करा. मला त्या पोराचं वाटोळं करायचं असतं, तर मी ते लाल काज तसेच नसते का ठेवले? तो त्या लाल काजांनीच आपटला असता!"

बाईंना हसू आलं. "बरोबर बोललीस. बस. हे नवे काज कसे वाटतात तुला?"

ताईंनी कोट खिडकीशी नेला, बाही उलटी केली. आणि त्यांचा तोरा उतरला.

"हात चांगला आहे," त्या नाइलाजाने म्हणाल्या. "पण कोटाचा हात नाही. टाके फार दाट आहेत. कोटाचा काज कसा, अलवार घालायचा. हे काज धोपटून धोपटून धुतलं तरी उसवू नयेत असे घातलेत. असला कोट कोण धोपटतं?"

"आणि साधा म्हणजे काय?"

"काजाचा धागा कापडात दिसूच नये, एवढंच मला कळतं. पण त्या पोराला लाल हवा होता. मग मी जीव ओतून लाल घातला." त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "माझे होते हो ते काज. उसवताना एकदा विचारायचं तरी."

बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. धोपटायचे काज आणि पोपटांचं अस्तर. यात कुठेतरी धागा होता. तो ज्याच्या हातात होता, तो माणूस आतल्या खोलीत तोंड मिटून बसला होता.

३

इस्त्रीच्या खोलीत वाफेचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. काका बाकावर बसले होते. आपली पाण्याची बाटली, पंचा आणि चष्म्याचं घर त्यांनी पिशवीत भरून ठेवलं होतं.

"निघालात वाटतं," बाई म्हणाल्या.

"दुपारपर्यंत थांबायला सांगितलंय मालकांनी."

"काका, माझ्या बाहीचं बटण लोंबतंय. टाका घालता का?"

काकांनी सुई घेतली. धागा ओला केला, नाकापर्यंत नेला, दूर धरला. त्यांची बोटं आयुष्यभराच्या चटक्यांनी लाकडासारखी झाली होती. सुईचं नेढं त्या बोटांत कुठल्या कुठे हरवून जात होतं. शेवटी ते ओशाळून हसले.

"सुईशी कधी जमलं नाही बाई. मी आपला इस्त्रीचा माणूस."

"राहू द्या. बटणासाठी विचारलंच नव्हतं मी."

काकांनी चमकून बघितलं.

"तो सूट तुम्ही शिवलेला नाही. ज्याने शिवला, त्याला तुम्ही दार उघडून दिलंत. खरं ना?"

काकांनी सुई परत खोचून ठेवली. इस्त्री मात्र फुस्स करून वाफ सोडत राहिली.

"बरं, ते नका सांगू. साधा म्हणजे काय, एवढं सांगा."

"नवा वाटू नये तो साधा," काका हळू आवाजात म्हणाले. "रोजच घालतो असं वाटावं. नव्या कपड्यात माणूस घाबरलेला दिसतो."

"इथे येण्याआधी कुठे होतात?"

"गणवेशाच्या कारखान्यात. पहारेकरी, लिफ्टवाले, शाळेची पोरं, सगळ्यांचे गणवेश. तिथं..." ते थबकले. आपण जरा जास्तच बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

बाई उठून बाहेर आल्या. हँगरवरच्या कोटासमोर उभ्या राहिल्या आणि खालच्या बटणावर बोट ठेवून त्यांनी हाक मारली, "मास्तर! दोन बटणांचा कोट तुम्ही हँगरला लावता, तेव्हा हे खालचं बटण लावता का?"

"शिव शिव! वरचं एक लावायचं, खालचं कायम मोकळं. अंगावर असो नाहीतर हँगरवर. या धंद्यातला माणूस झोपेतसुद्धा ते लावणार नाही."

"मग हे कोणी लावलं?"

मास्तर चष्मा सावरत पुढे आले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सकाळपासून सगळ्यांनी त्या कोटाकडे बघितलं होतं, पण ते बटण कोणालाच दिसलं नव्हतं.

"अशी कुठली जागा आहे," बाईंनी विचारलं, "जिथे झाडून सगळी बटणं लावल्याशिवाय आत घेत नाहीत?"

तेवढ्यात दार वाजलं. लाल धाग्याचं गिऱ्हाईक ठरल्या वेळेच्या कितीतरी आधीच येऊन उभं होतं.

४

पोरगा उंच होता, केस तेल लावून मागे वळवलेले, पायात जाड तळव्याचे मोठे बूट. सूट बघून तो आधी पांढराफटक पडला, मग लाल झाला.

"हे काय केलंत? हा... हा म्हाताऱ्या कारकुनाचा सूट आहे! ज्याने केलं त्याला आत्ताच्या आत्ता हाकला, नाहीतर मी पोलिसांत जातो!"

"जाशील रे," बाई म्हणाल्या. "पण आधी घालून तर दाखव. मला म्हातारीला बघू दे."

त्या आवाजापुढे भल्याभल्यांचं चालत नसे. तो मुकाट्याने आत गेला आणि सूट घालून आला. कोट बेतशीर बसला होता. पँट मात्र जाड बुटांवर अडखळून जरा वरच राहिली होती.

"बघा! लांबही नाही आणि आखूडही नाही. मापसुद्धा घेता येत नाही!"

"बूट काढ बघू. उद्या हेच घालणार आहेस?"

"नाही. नवे घेतलेत, काळे, पातळ तळव्याचे. घरी खोक्यात आहेत. अजून पायातसुद्धा घातले नाहीत."

"तळवा केवढा असेल?"

त्याने बोटांनी दाखवलं. बाईंनी कापडाच्या नमुन्यांची एक बारीक वही घेतली, त्या मापाशी ताडून बघितली आणि त्याच्या टाचांखाली सरकवली. पँट अलगद खाली आली आणि जिथे टेकायला हवी तिथे नेमकी टेकली.

मास्तरांनी हळूच जीभ टाळ्याला लावून टक् केलं.

"ज्याने ही पँट लांब केली," बाई म्हणाल्या, "त्याने ते खोक्यातले बूट बघितलेत. दुकानात ते कोणी बघितलेले नाहीत. घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"मी आणि आई."

"आई काय करते?"

पोराची नजर टाचांखालच्या वहीवर गेली. "काही नाही. घरीच असते."

बाईंनी असली उत्तरं जन्मभर ऐकली होती. डबा कोणी केला, शर्ट कोणी शिवला, असं विचारल्यावर मान खाली घालून येणारी. त्या रागावल्या नाहीत. "चल," त्या म्हणाल्या, "ते बूट घालून बघू. भोवऱ्या, तूही चल. आणि काका, तुम्ही तर चलाच."

काका उठले नाहीत. "बाई, मी शब्द दिलाय," ते कसेबसे म्हणाले.

"तुमचा शब्द कोणी मोडत नाही. तुम्ही काहीही सांगितलेलं नाही."

५

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, आणि भोवती निळ्या अर्ध्या पँटी, खाकी शर्ट, पट्ट्या लावलेले पहारेकऱ्यांचे कोट यांचे ढीग. प्रत्येक कोटाची झाडून सगळी बटणं लावलेली होती, अगदी तळापर्यंत.

आई मशीनवरून उठली. मुलाच्या अंगावरचा सूट बघितला, मागे उभे असलेले काका बघितले आणि समजायचं ते समजली.

"दादांना काही बोलू नका," ती काकांकडे हात करून आधी भोवऱ्याला म्हणाली. "त्यांचा काही दोष नाही. कारखान्यात एकत्र होतो आम्ही. मीच गळ घातली, पहाटे अंधारातच आत घ्या म्हणून. आणि कोणाला सांगू नका म्हणून."

"आई? तू?" पोराने बाहीवरच्या निळ्या काजांकडे बघितलं. "का पण?"

तेव्हा बाईच बोलल्या, फळ्यावरचं गणित सोडवून दाखवावं तशा सावकाश.

"हात शिवणाऱ्याचा, पण काज धोपटून धुवायच्या कपड्याचे, म्हणजे गणवेशाचा हात. खालचं बटण लावलेलं, तेही गणवेशाचंच. पँट त्या बुटांच्या मापाची, म्हणजे घरातलं माणूस. सोनेरी बटणं पुडीत बांधून ठेवलेली, म्हणजे तुझी वस्तू तुला परत. पण मला खरं सांगितलं ते पोपटांनी. तुझं वाईट करणाऱ्याने अस्तर फाडलं असतं. शिस्तीच्या माणसाने ते बदललं असतं. तुला जे मनापासून आवडलंय ते राहू दे, फक्त परक्या माणसांना दिसायला नको, एवढाच विचार जिने केला, ती कोण असणार?"

"त्या कंपनीच्या शिपायांचे गणवेश मी देते," आई खाली बघत म्हणाली. "दर वेळी खाली बाकावर बसवून ठेवतात. येणारे जाणारे दिसतात. मुलाखतीला आलेली पोरंही दिसतात. भपका करून आलेलं पोरगं लवकर खाली येतं, आणि दारातला पहारेकरीसुद्धा हसतो त्याला. तुला कोणी हसू नये, एवढंच."

"मला सांगायचं ना मग!"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, आई, हा शाळेचा गणवेश नाही, तुला त्यातलं कळत नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "आणि मला तरी कुठे सगळं कळतं? पण बघून बघून जेवढं समजलं, तेवढं केलं."

पोरगा खाली बसला, त्याने खोकं ओढलं आणि तो नवे बूट घालू लागला. नाडीची गाठ दोनदा सुटली. आई वाकली तसा तो म्हणाला, "राहू दे, मी बांधतो." मग काकांकडे वळून म्हणाला, "काका, चुकलो मी. पोलिसांचं बोललो."

भोवऱ्याने खिशातून काकांची किल्ली काढली होती. कशी द्यावी ते त्याला समजत नव्हतं. शेवटी त्याने ती काकांच्या हातात कोंबली आणि ओरडला, "आणि पहाटे कोणाला आत घ्यायचं असेल तर मला सांगत जा हो! मी काय नाही म्हणणार होतो?"

"म्हणाला असतात," काका म्हणाले.

"हो," भोवरा जरा विचार करून म्हणाला, "म्हणालो असतो."

आईने जाताना एकच विचारलं, ते लाल काज कोणी घातले होते. बाईंनी सांगितलं. "फार सुरेख होते," आई म्हणाली. "उसवताना जिवावर आलं. त्यांना एवढं सांगाल का?"

"उद्या तूच सांग," बाई म्हणाल्या.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं दुकान आरशाभोवती जमलं होतं. काकांनी शेवटची वाफ दिली. काजवाल्या ताईंनी खांद्यावरचा न दिसणारा कण झटकला. आदल्या दिवशीचा रुसवा आईशी दोन वाक्यं बोलण्यातच विरघळून गेला होता, आणि आता दोघी एका बाकावर बसून टाक्यांबद्दल कुजबुजत होत्या. ताईंचा भाऊ सकाळीच पुढे गेला होता. तोही निळ्याच सुटात.

"झालं?" पोराने विचारलं.

"थांब." आई उठली. तिने त्याची कॉलर सारखी केली आणि कोटाचं वरचं बटण लावलं. मग सरळ खालचंही लावलं.

मास्तरांच्या घशातून चमत्कारिक आवाज निघाला. भोवऱ्याने हात पुढे केला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि सगळा वर्ग गप्प झाला.

पोराने त्या बटणाकडे बघितलं. आदल्या दिवशी मास्तरांनी त्याला त्याबद्दल चांगलं खडसावून सांगितलं होतं. तरी ते तसंच ठेवून तो आईच्या पाया पडला, काकांच्या पडला आणि निघाला.

आई हँगर पुसायला पाठमोरी झाली, तसे बाकीचे सगळे खिडकीला चिकटले. पोरगा ताठ चालत कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे थांबला. मागे वळून आई खिडकीत नाही ना, याची खात्री केली, आणि त्याचा हात कोटाच्या खालच्या टोकाशी गेला. वळताना वाऱ्याने कोट उडाला आणि क्षणभर केशरी रंग चमकला.

मास्तरांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"सोडलं का त्याने खालचं?" मागून आईचा आवाज आला.

सगळे चपापून वळले. ती पाठमोरीच होती, हँगर पुसत.

"तुला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं. शोध लागल्यावर त्यांना पहिल्यांदाच आश्चर्य वाटत होतं.

"इतकी वर्षं त्या बाकावर बसते बाई. त्या इमारतीत खालचं बटण कोणीच लावत नाही." आईने हँगर जागच्या जागी अडकवला. "काल हाताच्या सवयीने लागलं. आज मात्र मुद्दाम लावलं. घरातून निघताना लावून द्यायचं काम माझं. पुढे कुठे सोडायचं, ते त्याने ठरवावं."